पोटात अन्न नसताना

अकोट, १८ नोव्हेंबर २०२४

मैनाताई,

आज विड्याच्या पानांची खुडणी होती. सकाळी थंडी होती, नंतर ऊन पडलं. गंगूबाई आणि तिची सून आल्या होत्या. दुपारपर्यंत पान उतरवलं, ओसरीत बसून थरांनी लावलं, करंडी ओल्या कापडात बांधली आणि अमरावतीच्या गाडीत दिली. कंडक्टर ओळखीचा होता. संध्याकाळी भाकरी केली, जेवले. एवढंच झालं.

हे पत्र करंडीत वरच्या कापडाखाली प्लास्टिकच्या पिशवीत घालते आहे. केशवराव भाऊजींना सांगितलं आहे की करंडी विकायला सोडली की पत्र आधी तुमच्या हातात द्या. तुमच्या भावाची तेरवी झाल्यावर तुम्ही अमरावतीला परत गेलात. तेव्हापासून माझा फोन आला की तुम्ही तो भाऊजींकडे देता. मागून तुमचा आवाज मला ऐकू येतो, "पानाचं बोलनं असन, तुमीच बोला." मग आम्ही दोघं पानाचं बोलतो. भाव काय, डागी पानं किती, उद्या गाडी आहे का. बोलणं संपलं की भाऊजी फोन ठेवतात.

तुम्ही माझ्याशी का बोलत नाही ते मी विचारणार नाही. मला वाटतं मला माहीत आहे. माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही, एवढं समजून घ्या.

एक गोष्ट दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते. मी मळ्यात बूट घालते. कापडी आहेत. मळ्याच्या फाटकाशीच ठेवते, बाहेर कुठं नेत नाही, आठवड्याला धुते. आपल्या मळ्यात तुमच्या बाबांच्या आधीपासून चप्पल गेलेली नाही हे मला माहीत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच मला फाटकात अडवलं होतं. "चपला भाईर. अंदर नागवेल हाय. देवघरात चपला घालून जाशीन का?" तेव्हापासून मीही अनवाणीच जात होते. पण तुमच्या भावाच्या तळपायात बांबूची कामटी शिरली ती मळ्यातच. शुगरमुळे त्यांच्या पावलांना काही कळत नव्हतं. ओट्यावर रक्ताचे ठसे उमटले, तेव्हा आम्हाला दिसलं. वरून मी आपल्या रीतीप्रमाणे पान गरम करून एरंडेल लावून बांधलं. पान जास्त गरम होतं, पाय भाजला. तेही त्यांना कळलं नाही.

गंगूबाईला बूट बघून हसू आवरेना. म्हणाली, "सीमाबाई, तुमी त कवायतीच्या मास्तरीनबाई दिसता." दोन-चार दिवस हसली. आता हसत नाही.

तुम्हाला राग आला तर भाऊजींकडून कळवा. तुमचीही शुगर बघत असालच.

सीमा


अकोट, २२ नोव्हेंबर

मैनाताई,

आज दिवसभर वेलांची बांधणी केली. गंगूबाई लवकर गेली, तिच्याकडे पाहुणे होते. दुपारी भाऊजींचा फोन आला. सुरुवात पानाची झाली आणि मग ते दाढेवर आले.

म्हणाले, "तिचा गाल असा सुजला का डोळा बारीक झाला. आंगात ताप हाय. काई खाऊन नाई राहिली. अन् शुगरची सुईबी बंद केली."

मी विचारलं, काहून?

"म्हनते, पोटात अन्न नाई त सुई कायले." मग हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगू का, सीमाबाई? शालिकराम गेल्यापासून सुई हातात घेतली का हात थरथरते तिचा. कवा घेते, कवा तशीच ठेवून देते. मले म्हनते घेतली."

ताई, म्हणून आज मला सगळं लिहावं लागतं आहे. मला लिहायची सवय नाही. पण हे संध्याकाळच्या गाडीला थोड्या पानांबरोबर पाठवते आहे, वाचाच.

अकोल्याच्या दवाखान्यात त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "इन्सुलिन बंद करायला कोणी सांगितलं?" तेव्हा आपण दोघीही उभ्या होतो. कोणी काही बोललं नाही. तुम्ही तिथून निघून बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलात. त्या पुढं जे बोलल्या ते तुम्ही ऐकलं नाही. मी ऐकलं. तेव्हा नीट कळलं नाही, म्हणून नंतर कागद आणायला गेले तेव्हा परत विचारून घेतलं.

त्यांनी असं सांगितलं. आपल्याला वाटतं साखर फक्त ताटातून येते. जेवलो नाही तर वाढणार कशी? चूल पेटली नाही तर धूर कुठला. पण शरीरात साखरेची एक कणगी असते, काळजाखाली, यकृतात. ताप आला, जखमेत पू झाला, दाढ सुजली, लघवीला जळजळ झाली, म्हणजे शरीराला वाटतं घरावर कोणी चालून आलं. मग ते लढायला बळ लागेल म्हणून कणगी उघडून देतं. साखर रक्तात येते. त्याच वेळी इन्सुलिनचा जोरही कमी पडतो, नेहमीच्या सुईनं नेहमीएवढं काम होत नाही. म्हणून आजारात माणूस उपाशी असला तरी साखर चढते. बऱ्याच वेळा जेवणाऱ्या दिवसापेक्षा जास्त चढते. आणि साखर चढली की जखम भरत नाही, पू वाढतो. पू वाढला की साखर आणखी चढते. दोघं एकमेकांना धरून चालतात.

मग अशा वेळी सुईच बंद केली तर अडवायला कोणीच उरत नाही. शरीर आपली चरबी जाळायला लागतं आणि रक्त आंबट होतं. श्वास जोरात चालतो, उलट्या होतात, माणूस गुंगीत जातो. तुमच्या भावाचं ते झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजारात सुई आपल्या मनानं बंद करायची नाही. खाणं जात नसेल तर डॉक्टरला विचारायचं, किती घ्यायची ते तो ठरवेल, कमी सांगेल नाही तर जास्त सांगेल. शुगर दर थोड्या तासांनी बघायची. पाणी थोडं थोडं पीत राहायचं. आणि मूळ दुखणं लवकर दाखवायचं.

तुमचा भाऊ तापात पडला तेव्हा तुम्ही फोनवर त्यांना जे म्हणालात त्याबद्दल मी आजवर बोलले नाही. आज एवढंच लिहिते की मी शेजारी बसले होते आणि मलाही ते बरोबरच वाटलं होतं. त्यांनाही वाटलं. आपल्या घरात तिघांना एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे उपाशीपोटी सुई घेतली की साखर एकदम उतरून माणूस पडतो. ती गोष्ट खोटी नाही. फक्त आजारात ती तेवढीच नसते.

गीतांजलीला आजच शुगर बघायला सांगा. तुमच्या सुनेचा हात हलका आहे, ती नीट बघेल. उद्या सकाळी दाढ दाखवा. दात काढायला घाबरत असाल तर घाबरा, पण जा.

सीमा


अकोट स्टँड, २४ नोव्हेंबर

मैनाताई,

काल रिकामी करंडी आली आणि तिच्याबरोबर भाऊजींच्या फोनवर तुमचा निरोप आला. "तिले सांगा, करंडीत पत्रं टाकू नको. पानं काळी पडतात."

पान पत्रानं काळं पडत नाही. कापड सुकलं की पडतं. हे मला तुम्हीच शिकवलं आहे.

दाढ दाखवली नाही असं कळलं. आज सकाळी गीतांजलीचा फोन आला. तिनं तुमचं बोट टोचून शुगर बघितली. आकडा आलाच नाही, नुसतं इंग्रजी "हाय" आलं. ती म्हणाली, "मामी, मशीन बिघडली वाटते. सेल बदलून पाहू का?"

ताई, मशीन बिघडलेलं नाही. आमच्याकडेही असंच आलं होतं. आम्हीही सेल बदलला होता, आणि त्यात अर्धा दिवस घालवला होता. साखर त्या मशीनच्या मोजण्यापलीकडे गेली की ते असं दाखवतं. मी गीतांजलीला म्हटलं, सेल राहू दे, रिक्षा बोलाव. भाऊजींनाही तेच म्हटलं. ते म्हणाले, "ते आयकते का कोनाचं? दाराले कडी लावून पडली हाय." मी म्हटलं, कडी तोडा.

मी गाडीची वाट बघते आहे. हे पत्र करंडीत टाकत नाही, माझ्याबरोबरच आणते. समोर आले की मला बोलता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. काही सुचलं नाही तर हे तुमच्या हातात देईन.

तुमच्या भावानंतर माझ्या अंगावर ओरडणारं माणूस उरलं आहे ते तुम्हीच. प्राजक्ता माझी पोरगी आहे, ती पुण्याहून काळजीनं बोलते, ओरडत नाही.

गाडी लागली.

सीमा


अमरावती, २७ नोव्हेंबर

मैनाताई,

तुम्ही आत झोपला आहात. मी बाहेर बाकावर बसले आहे. सिस्टर म्हणाली, भेटायची वेळ चारनंतर. गीतांजली घरी आंघोळीला गेली आहे. तुम्हाला यातलं किती आठवेल ते माहीत नाही, म्हणून लिहून ठेवते. नंतर भाऊजी आपल्या पद्धतीनं सांगतील आणि त्यात माझं शौर्य जास्त येईल.

मी घरी पोचले तेव्हा कडी काढलेली होती. तोडावी लागली नव्हती. भाऊजी दाराबाहेर बसून म्हणत होते, "मैना, मले चहा करता येत नाई, तुले मालूम हाय. सकाळपासून बिनचहाचा बसलो." त्यावर तुम्ही कडी काढलीत आणि परत जाऊन पडलात. चहा केला नाही.

तुमचा श्वास जोरात चालला होता. ओठ सुकले होते. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास होता. तुमच्या भावाला अकोल्याला नेलं त्या दिवशी जीपमध्ये हाच वास होता. तेव्हा मला तो ओळखता आला नव्हता.

तुम्ही एक डोळा उघडून म्हणालात, "कोनं बलावलं तुले?"

मी म्हटलं, "कोनी नाई. पानं पोचवाले आली."

"पानं त येस्टीनं येतात."

"मीबी येस्टीनंच आली."

गीतांजली तोंडाला पदर लावून हसली. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मले नाई जाचं दवाखान्यात. शालिक तिथंच गेला."

मी म्हटलं, "ते उशिरा गेले, ताई. तुमचा येळ नाई गेला अजून."

मग तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी पत्र हातात घेऊन उभी होते, पण तुम्हाला वाचता येण्यासारखं नव्हतं. ते पत्र माझ्या पिशवीत आहे, बरं वाटलं की देईन. मी तुमच्या पाठीखाली हात घातला आणि उठवलं. मला वाटलं होतं तुम्ही झिडकाराल. तुम्ही अंग सोडून दिलंत. तुम्ही इतक्या हलक्या झाल्या आहात हे मला माहीत नव्हतं.

रिक्षात तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एकच वाक्य परत परत म्हणत होता. "म्याच सांगतलं त्याले. सुई नको घेऊ, म्याच सांगतलं."

मी म्हटलं, "सांगतलं ना. अन् तेल्हाऱ्याच्या लग्नात साखर कोनं कोंबली त्याईच्या तोंडात? पंगतीले उशीर झाला, सुई आदीच घेतली होती, मांडवात पडले. मी त नुसती रडत बसली होती. तुमीच सैपाकाच्या जागेवरून मूठभर साखर आनली."

मी तुमचं डोकं सावरलं आणि पुढं म्हटलं,

"तवापासून तेच भेव बसलं तुमच्या मनात, का उपाशीपोटी सुई घेतली त शालिक पडन. फोनवर तेच भेव बोललं. दुसरं काई नाई."

तुम्ही म्हणालात, "मंग तुले राग नाई?"

"राग हाय. फोन भाऊजीले देता त्याचा हाय."

तुम्ही म्हणालात, "त्याईलेच पानाचं समजते." मग दाढ ठणकली आणि तुम्ही मला शिवी दिलीत. मला बरं वाटलं.

इथल्या डॉक्टरनं तपासता तपासता विचारलं, "इन्सुलिन कोणी बंद केलं?" भाऊजी माझ्याकडे बघायला लागले, मी गीतांजलीकडे. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "म्या." तो म्हणाला, "परत करू नका," आणि सिस्टरला सलाइन सांगून पुढच्या कामाला लागला. त्याला एवढंच हवं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. अकोल्याच्या बाईंनाही एवढंच हवं असणार. आपण त्या प्रश्नाला शिक्षा समजलो.

पहिल्या दिवशी तुमच्या हातात दोन नळ्या होत्या. एकीतून पाणी आणि औषध, दुसरीतून इन्सुलिन थेंब थेंब. दर तासाला बोट टोचत होते. साखर उतरायची आणि अडायची. दुसऱ्या दिवशी दातांचा डॉक्टर आला. त्यानं हिरडीला चीर देऊन पू काढला आणि दाढही काढली. आदल्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले होते, "पू निघू द्या, साखर आपोआप ऐकायला लागेल." तसंच झालं. कालपासून तेवढंच इन्सुलिन जास्त होतंय म्हणून कमी करत आणलं. आज सकाळी तुम्ही मुगाचं पाणी प्यायलात आणि मीठ कमी आहे म्हणालात.

तुमच्या भावाचा पाय वेळेवर दाखवला असता तर, असं मी इथं बसून एकदा मनात आणलं. मग आणलं नाही.

सकाळी गीतांजली खाली गेली तेव्हा तुम्ही म्हणालात, "बुटाचं वाचलं म्या."

मी मुगाच्या पाण्याची वाटी बाजूला ठेवली.

"घालतं त घाल. पन अंदर जाच्या आदी नागवेलीले हात जोडत जाय. अन् पांढरे नको घेऊ, मळतात."

मी म्हटलं, "काळेच हायेत."

तुम्ही म्हणालात, "मंग ठीक हाय," आणि झोपलात.

चार वाजत आले. हे तुमच्या उशाशी ठेवते.

सीमा


अकोट, ८ डिसेंबर

मैनाताई,

आज खुडणी नव्हती. सकाळी पाणी दिलं. दुपारी गंगूबाई येऊन गेली, तिला तुमची सगळी हकीकत ऐकायची होती. रिक्षातली शिवी तिला फार आवडली.

पत्र पाठवायची आता तशी गरज नाही. तुमचा फोन येतो. पहिल्या दिवशी सकाळी फोन वाजला, मी उचलला, तुम्ही म्हणालात, "घेतली," आणि ठेवून दिला. मला आधी कळलंच नाही काय घेतली. दुसऱ्या दिवशीही तेच. भाऊजी सांगतात की हात अजून थरथरतो, पण तुम्ही गीतांजलीला जवळ बसवून घेता. थरथरू द्या. सुई जाते ना, झालं. बरं नसेल त्या दिवशी "घेतली" एवढं म्हणून ठेवू नका. ताप आहे का, शुगर किती, तेही सांगा. मी काही जास्त बोलणार नाही.

तरी हे लिहिते आहे, कारण फोनवर हे मला सांगता येणार नाही.

फ्रीजच्या दारातल्या वरच्या कप्प्यात तुमच्या भावाची इन्सुलिनची बाटली होती. अर्धी संपलेली. ऑगस्टपासून तिथंच होती. दूध काढताना, कोथिंबीर काढताना रोज दिसायची. प्राजक्ता आली होती तेव्हा काढायला गेली, तर मी तिला म्हटलं राहू दे. त्यांना सकाळची सुई मीच द्यायचे. ते बनियन वर धरून उभे राहायचे आणि दर वेळी म्हणायचे, "झालं का?" झालेलं असायचं तरी विचारायचे. ते आजारी पडले त्या दिवशी सकाळी मी बाटली हातात घेतली होती आणि न वापरता परत त्याच कप्प्यात ठेवली होती. नंतर मला ती हलवता येईना.

अमरावतीला डॉक्टरांना मी विचारलं होतं की ती तुम्हाला चालेल का. ते म्हणाले, उघडलेली बाटली महिनाभरच कामाची, नंतर फ्रीजमध्ये असली तरी वापरायची नाही.

आज सकाळी तुमचा फोन आला. "घेतली" म्हणालात आणि या वेळी लगेच ठेवला नाही. मी वाट बघितली. तुम्ही म्हणालात, "जेवली का तू?" सकाळचे सात वाजले होते. मी म्हटलं, जेवते. मग ठेवलात.

त्यानंतर मी बाटली काढली. वापरलेल्या सुया एका जाड डब्यात साठवल्या होत्या, त्यात ती टाकून झाकण घट्ट बसवलं. डबा उद्या सरकारी दवाखान्यात देईन. कप्पा दारातून काढला, साबणानं धुतला, कोरडा पुसून परत बसवला. गंगूबाईनं लिंबं दिली होती, ती त्यात ठेवली. मग पीठ मळलं आणि एक भाकरी टाकली.

सीमा